महामारीच्या काळात मुलांचे निवासी शिबिर : अनुभव आणि विवेक



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की देवस्थानच्या अग्रशाळेला मुलांच्या शिबिराचे वेध लागतात. मुंबई, पुणे, बेळगाव, कारवार अशा ठिकाणी स्थिरावलेल्या कुळावी कुटुंबांतील मुलेमुली श्रींच्या सान्निध्यात आठ-दहा दिवस एकत्र राहतात. पहाटेची प्रार्थना, सूर्यनमस्कार, स्तोत्रपठण, पंगतीतील प्रसाद, सायंआरती आणि रात्री सभागृहात ओळीने घातलेल्या पथाऱ्या, असा हा दिनक्रम असतो. गावापासून दूर वाढणाऱ्या अनेक मुलांना आपल्या कुलदैवताची खरी ओळख याच दिवसांत होते. त्यामुळे शिबिर बंद राहणे म्हणजे केवळ एक कार्यक्रम रद्द होणे नव्हे.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशभरातील शाळा, वसतिगृहे व देवालये बंद झाली. २०२१ च्या मे महिन्यात, म्हणजे नेमक्या शिबिराच्या दिवसांत, दुसरी लाट गोव्यात शिगेला पोहोचली होती. अशा वेळी मुलांना एकत्र आणण्याचा विचारही कोणी केला नसता, आणि तेच योग्य होते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता मन शांत असताना एक प्रश्न विचारून ठेवणे हिताचे आहे. पुन्हा अशी साथ आली, आणि शासनाने शिबिरास परवानगीही दिली, तर आपण काय करावे? ऐन प्रसंगी या प्रश्नावर शांतपणे विचार करण्यास सवड मिळत नाही.

सुदैवाने याविषयी नोंदलेला अनुभव उपलब्ध आहे. अमेरिकेत मुलांना उन्हाळ्यात निवासी शिबिरांस पाठविण्याची जुनी प्रथा आहे. २०२० च्या उन्हाळ्यात तेथील काही राज्यांनी अशा शिबिरांना परवानगी दिली. त्यांपैकी काही शिबिरांत काय घडले याचे वृत्तांत त्या देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या साप्ताहिक अहवालात प्रसिद्ध केले. त्यांतील दोन वृत्तांत शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

जॉर्जिया राज्यातील शिबिर

जॉर्जियातील एका शिबिरात १७ ते २० जून २०२० या दिवसांत १२० कार्यकर्ते व १३८ प्रशिक्षणार्थी पूर्वतयारीसाठी जमले. प्रशिक्षणार्थी परतले, कार्यकर्ते तेथेच राहिले. २१ जून रोजी ३६३ मुले दाखल झाली. प्रत्येकाने येण्यापूर्वीच्या १२ दिवसांतील चाचणी निर्दोष असल्याचा दाखला आणावा, असा राज्याचा नियम होता व तो पाळला गेला. कार्यकर्त्यांना मुखपट्टी सक्तीची होती, मुलांना नव्हती. इमारतींची दारे-खिडक्या उघडी ठेवण्याची व्यवस्था केली गेली नव्हती. एकेका निवासकुटीत सरासरी १५ जण झोपत असत. दररोज मोठ्याने गाणी व जयघोष होत असत.

२२ जूनच्या सायंकाळी एका किशोरवयीन कार्यकर्त्यास थंडी वाजून आली. दुसऱ्या दिवशी तो घरी गेला व २४ जून रोजी त्याची चाचणी सदोष आली. त्याच दिवसापासून मुलांना घरी पाठविण्यास प्रारंभ झाला आणि २७ जून रोजी शिबिर बंद झाले. राज्यातील रहिवासी असलेल्या ५९७ जणांचा पुढे मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी ३४४ जणांच्या चाचणीचे निकाल मिळाले व त्यांतील २६० जणांना, म्हणजे शंभरातील ७६ जणांना, संसर्ग झाल्याचे आढळले. ६ ते १० वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून किंचित अधिक मुले बाधित झाली होती. लहान मुलांना हा रोग सहसा होत नाही, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. ती येथे टिकली नाही.

मेन राज्यातील चार शिबिरे

त्याच उन्हाळ्यात मेन या राज्यात चार निवासी शिबिरे झाली. मुले व कार्यकर्ते मिळून १,०२२ जण अमेरिकेच्या ४१ राज्यांतून व काही अन्य देशांतून आले होते. ही शिबिरे आठ-दहा दिवसांची नव्हती, तर सहा आठवड्यांहून अधिक चालली. एवढ्या काळात केवळ तिघांना संसर्ग असल्याचे आढळले, तिघांनाही लक्षणे नव्हती, आणि त्यांच्यापासून शिबिरातील अन्य कोणालाही लागण झाली नाही.

हे कसे साधले? येण्यापूर्वी १० ते १४ दिवस प्रत्येकाने आपल्या घरीच विलग राहावे, असे ठरले होते. निघण्यापूर्वी चाचणी झाली. तीत चौघे बाधित आढळले, त्यांनी विलगीकरण पूर्ण केल्यानंतरच त्यांना येऊ दिले. शिबिरात आल्यावर चार ते नऊ दिवसांत पुन्हा चाचणी झाली. ते तिघे याच दुसऱ्या चाचणीत सापडले. त्यांना वेगळे ठेवण्यात आले व त्यांच्या गटांचेही विलगीकरण करण्यात आले. सर्व मुलांचे आरंभापासूनच ठरावीक गट केले होते. एक गट म्हणजे एक कुटुंब, असे समजून त्यांची निजण्याची व वावरण्याची व्यवस्था होती. दोन गट एकमेकांजवळ येत तेव्हा मुखपट्टी व अंतर पाळले जाई. जेवणाच्या व स्नानगृहाच्या वेळा वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. शक्य तितके सर्व कार्यक्रम उघड्यावर होत. रोज प्रत्येकाच्या प्रकृतीची विचारपूस होत असे.

दोन्ही ठिकाणांची तुलना करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. त्या उन्हाळ्यात मेन राज्यात साथीचा जोर कमी होता व जॉर्जियात तो वाढत होता. त्यामुळे सर्व श्रेय वा सर्व दोष केवळ व्यवस्थापनाला देता येणार नाही. तथापि मेनमधील मुले देशाच्या बहुतेक भागांतून आली होती, आणि रोग शिबिराच्या आतही पोहोचला होता, हेही विसरता येत नाही. रोग दोन्हीकडे दारातून आत आला. एका ठिकाणी तो तीन व्यक्तींपाशी थांबला, दुसऱ्या ठिकाणी थांबला नाही.

दाखला आणि वास्तव

या दोन वृत्तांतांतून पहिला बोध मिळतो तो चाचणीच्या दाखल्याविषयी. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत या रोगात साधारणतः दोन ते चौदा दिवस जातात. त्यांतील पहिल्या काही दिवसांत चाचणीतही रोग दिसत नाही. त्यामुळे निर्दोष दाखला हा केवळ त्या दिवसापुरता साक्षीदार असतो. बारा दिवसांपूर्वी चाचणी झालेल्या मुलास अकरा दिवसांपूर्वी लागण झालेली असू शकते. विस्कॉन्सिन राज्यातील अशाच एका निवासी शिबिरात, प्रवासापूर्वीच्या आठवड्यात निर्दोष ठरलेला एक विद्यार्थी आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी आजारी पडला. तेथे जमलेल्या १५२ जणांपैकी अखेरीस ११६ जण बाधित झाले.

कपाळासमोर धरावयाच्या ज्वरमापकाचीही गत याहून वेगळी नाही. जॉर्जियात ज्या १३६ बाधितांच्या लक्षणांची माहिती मिळाली त्यांपैकी ३६ जणांना कोणतेच लक्षण नव्हते, आणि ज्वर आलेल्यांची संख्या एकूण निम्म्याहून कमी होती. प्रवेशद्वारावर ज्वर मोजणे चुकीचे नाही. परंतु तेवढ्याने आपण निर्धास्त झालो, असे मानणे धोक्याचे आहे. माणसांवर जंतुनाशक फवारण्याची जी कमानवजा यंत्रे काही ठिकाणी उभारण्यात आली, त्यांविषयी तर आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच प्रतिकूल मत दिले होते. दिसणारा उपाय आणि उपयोगी पडणारा उपाय हे नेहमी एकच असतात असे नाही.

एकत्र निजणे, एकत्र म्हणणे, एकत्र जेवणे

दुसरा बोध आपल्या शिबिरांच्या दृष्टीने अधिक जवळचा आणि काहीसा क्लेशदायकही आहे. ज्या तीन गोष्टींमुळे आपले शिबिर शिबिर ठरते, त्याच तीन गोष्टी श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाचे राजमार्ग आहेत. त्या गोष्टी म्हणजे एका छताखाली निजणे, एका सुरात म्हणणे आणि एका पंगतीत जेवणे.

निजण्याचा विचार प्रथम करू. बंद सभागृहात ओळीने निजलेली ४० मुले रात्रभर, म्हणजे सात-आठ तास, एकमेकांचा श्वास घेत असतात. दिवसा कितीही अंतर राखले तरी रात्री ते व्यर्थ ठरते. म्हणून अशा काळात शिबिराची मुलांची संख्या वर्गखोल्यांवरून किंवा पंगतीवरून न ठरविता निजण्याच्या जागेवरून ठरवावी. अग्रशाळेच्या एका खोलीत एकच गट, त्या गटाचा एकच कार्यकर्ता, खिडक्या उघड्या आणि पंखा असा की आतील हवा बाहेर जाईल, एवढे जमत असेल तेवढीच मुले घ्यावीत. डासांमुळे खिडक्या मिटल्या जातात, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव आहे. त्यासाठी जाळ्या किंवा मच्छरदाण्या यांची तजवीज आधीच झाली पाहिजे.

आता स्तोत्रपठण व भजन. मोठ्याने म्हणताना, गाताना श्वासावाटे बाहेर पडणारे सूक्ष्म कण साध्या श्वासाच्या तुलनेत कितीतरी वाढतात व बंद जागेत बराच वेळ तरंगत राहतात. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचा सुमारे अडीच तासांचा सराव झाला. उपस्थित ६१ जणांपैकी एकास सर्दीसारखी लक्षणे होती. त्यानंतर ३२ जणांना निश्चित व २० जणांना संभाव्य लागण झाल्याचे नोंदले गेले, आणि दोघांचा मृत्यू झाला. कोणी कोणाचे अहित चिंतिले नव्हते. ती माणसे केवळ एकत्र गात होती.

याचा अर्थ मुलांनी रामरक्षा किंवा अथर्वशीर्ष म्हणू नये, असा मुळीच नाही. पठण गर्भागाराबाहेरील बंद मंडपातून उघड्या प्राकारात आणावे. आपल्या देवालयांना प्राकार आहेत, झाडे आहेत, तळीच्या पायऱ्या आहेत, ही आपली मोठीच सोय आहे. गटागटाने, विरळ बसून, मध्यम स्वरात म्हणावे. ज्या दिवशी पावसामुळे बाहेर बसता येणार नाही त्या दिवशी मोठ्याने म्हणण्याऐवजी लेखन, अर्थकथन किंवा मनातल्या मनात जप घ्यावा. देवाला उच्च स्वरच हवा, असे कोणत्याही परंपरेने सांगितलेले नाही.

पंगतीच्या बाबतीत आपली जुनी पद्धत उपयोगी पडते. केळीच्या पानावर वाढलेले अन्न, पान एकदाच वापरणे, ओळीने एकाच दिशेस तोंड करून बसणे आणि जेवताना न बोलणे हे सारे अनुकूलच आहे. बदल एवढाच करावयाचा की पंगत उघड्या जागी, गटवार व वेगवेगळ्या वेळी बसवावी आणि वाढपी मोजके व ठरलेले असावेत. तीर्थप्रसाद देणाऱ्या व्यक्तीनेही हात स्वच्छ धुऊन, मुखपट्टी बांधून तो द्यावा.

शिबिराचा आरंभ कार्यकर्त्यांपासून होतो

जॉर्जियातील वृत्तांतातील एक तपशील विश्वस्तांनी विशेष ध्यानात घ्यावा. जे जितके अधिक दिवस शिबिरात राहिले, त्यांच्यात लागणीचे प्रमाण तितके अधिक होते. कार्यकर्त्यांत ते सर्वाधिक, म्हणजे शंभरात ५६, होते. आपण नेहमी मुलांची तपासणी करतो. परंतु मुलांच्या आधी चार दिवस येऊन राहणारे, रात्री एकत्र बसून नियोजन करणारे, बाजारात जाऊन सामान आणणारे आपणच असतो. आचारी, वाढपी, पाणी भरणारे सेवेकरी, एका सायंकाळपुरते येणारे कीर्तनकार आणि मुलाला भेटण्यास आलेले आई-वडील यांचा विचार नियमांत झाला नाही, तर मुलांवर घातलेले निर्बंध निष्फळ ठरतात. म्हणून जो नियम मुलांना तोच कार्यकर्त्यांना व तोच विश्वस्तांनाही असावा. मान्यवरांच्या हस्ते उद्‌घाटन व समारोप हे समारंभ अशा वर्षी वगळले तर शिबिराचे काहीही उणे होत नाही.

आजारी पडलेले मूल

कोणतेही मूल आजारी पडेल, हे गृहीत धरूनच तयारी करावी. स्वतंत्र प्रसाधनगृह असलेली एक हवेशीर खोली पहिल्या दिवसापासून रिकामी ठेवावी. जवळच्या वैद्यांशी आधीच बोलणे झालेले असावे, रात्री-अपरात्री उपलब्ध होईल असे वाहन असावे, आणि प्रत्येक मुलाला चोवीस तासांत घेऊन जाईल अशा नातलगाचे नाव नोंदलेले असावे. मुंबई-पुण्याच्या मुलांसाठी गोव्यातच असा नातलग असणे श्रेयस्कर.

याहूनही महत्त्वाची गोष्ट मनाची आहे. मुलांना शिबिर प्रिय असते. घरी पाठवतील या भीतीने मुले घशाची खवखव सांगत नाहीत. पालकही कधी कधी तापाची गोळी देऊन मुलाला गाडीत बसवितात. त्यामागे दुष्टपणा नसतो. शुल्क बुडेल, तिकिटे वाया जातील, मूल हिरमुसेल, ही काळजी असते. म्हणून ऐनवेळी न येणाऱ्याचे शुल्क पूर्ण परत मिळेल व पुढील वर्षी त्याची जागा राखून ठेवली जाईल, असे आरंभीच लेखी कळवावे. खरे सांगणाऱ्याचे नुकसान होणार नाही अशी व्यवस्था असली की लोक खरे सांगतात.

ज्याला प्रथम लागण झाली तो अपराधी नव्हे. विलगीकरण म्हणजे बहिष्कार नव्हे, आणि त्याचा सोवळ्या-ओवळ्याशी काही संबंध नाही. त्या मुलापाशी एक ओळखीचा कार्यकर्ता योग्य काळजी घेऊन सतत असला पाहिजे. त्याला वेळेवर अन्न मिळाले पाहिजे, घरच्यांशी बोलता आले पाहिजे, आणि त्याचे नाव सर्वांपुढे घेतले जाता कामा नये. शिबिरात दहा दिवस शिकविलेल्या संस्कारांची परीक्षा खरे तर त्या एका खोलीत होते.

न घेण्याचा निर्णय

शिबिर घेण्याने जसा धोका संभवतो तसे न घेण्यानेही नुकसान होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २०२० नंतरच्या दोन वर्षांत मुले घरात कोंडली गेली, मित्रांपासून तुटली, दूरध्वनीच्या पडद्यापुढे बसून राहिली. तेव्हा भीतीपोटी सर्व काही बंद ठेवणे हेच नेहमी सुरक्षित, असे म्हणता येत नाही. परंतु मूल शिबिरातून एकटे परतत नाही. ते आजी-आजोबांच्या कुशीत परतते. कोविडमध्ये मुलांचा आजार बहुधा सौम्य राहिला, वृद्धांचा राहिला नाही. आपल्या एकत्र कुटुंबांत हा विचार सर्वांत वजनदार ठरावा.

म्हणून निर्णयापूर्वी समितीने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. मुले ज्या ज्या गावांतून येणार, तेथे साथ ओसरलेली आहे काय? आलेला रोग एक-दोन दिवसांत ओळखण्याची व वेगळा काढण्याची साधने आपल्यापाशी आहेत काय? आजारी मुलास लागेल ते उपचार जवळच्या रुग्णालयात त्या दिवसांत मिळू शकतील काय? आणि काही विपरीत घडल्यास त्याच दिवशी सर्व पालकांना सत्य कळविण्याचे धैर्य आपल्यात आहे काय? चारही उत्तरे होकारार्थी असतील तरच निवासी शिबिर घ्यावे. शासनाची परवानगी ही आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे. जॉर्जियातील शिबिरानेही चाचणीचा शासकीय नियम पाळलाच होता.

एकही उत्तर नकारार्थी असल्यास मधला मार्ग स्वीकारावा. आपल्याच गावातील मुलांसाठी सकाळी दोन तास प्राकारात, निवास व पंगत वगळून वर्ग घेता येतो. बाहेरगावच्या मुलांसाठी दूरध्वनीवरून पाठांतर, श्रींच्या उत्सवांची माहिती, आजी-आजोबांकडून कुळाच्या हकिकती विचारून लिहून काढणे असे उपक्रम देता येतात. तेही शक्य नसेल तर त्या वर्षी थांबावे. थांबणे हीही सेवाच आहे.

शेवटी एक सूचना. प्रत्येक साथीचा मार्ग वेगळा असतो. २०२३ च्या पावसाळ्यात देशात अनेक ठिकाणी डोळे येण्याची साथ पसरली. ती मुख्यतः हात, रुमाल व टॉवेल यांच्या स्पर्शाने पसरते, तेथे खिडक्या उघडून भागणार नाही. जुलाबाच्या साथीत पाणी व स्वयंपाकघर पाहावे लागते. कांजिण्या व गोवर हवेतून पसरतात. म्हणून प्रथम वैद्यांना एकच विचारावे, की हा रोग कोणत्या मार्गाने जातो. मार्ग कळला की कोठे पहारा ठेवावयाचा हे कळते. रिकामी ठेवलेली खोली, ठरावीक गट, शुल्कपरतीचा नियम आणि नातलगांची यादी या गोष्टी मात्र प्रत्येक साथीत, किंबहुना प्रत्येक वर्षी, उपयोगी पडतात. त्या आजपासूनच अंगवळणी पाडून घेण्यास महामारीची वाट पाहण्याचे कारण नाही.

पालक आपले मूल देवस्थानच्या स्वाधीन करतात ते श्रींवरील श्रद्धेने. त्या श्रद्धेचा आधार घेऊन आपण निष्काळजी राहणे, ही श्रद्धेची अवहेलना होय. देव रक्षण करतो हे खरे, आणि रक्षणाची बुद्धीही तोच देतो. ती वापरण्याची सुबुद्धी आम्हां सर्वांस लाभो, आणि अग्रशाळेत मुलांचे स्वर वर्षानुवर्षे निर्भयपणे घुमत राहोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.